शितावरून भाताची परीक्षा

मागच्या रविवारी अमेरिकेतल्या भाच्याशी फोनवर माझी चांगलीच जुंपली. विषय काय, तर पाणी! त्यांच्या गावच्या पाणीखात्याचं वार्षिक पत्रक नुकतंच घरी आलं होतं आणि पाण्यातलं शिसं 'मर्यादेत' असल्याचं त्यात छापलेलं होतं. मी नेमकी त्याच दिवसांत फ्लिंट शहराच्या पाण्यावरचं डॉ. मोना हॅना-अतिशा यांचं पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होते. म्हणून सहज विचारलं, "मर्यादेत म्हणजे कुणाच्या घरी मर्यादेत रे?" त्यावर तो म्हणाला, "मावशी, सगळ्या घरांचं पाणी कोणी तपासत नाही. नमुने घेतात. तूच शिकवलंस ना लहानपणी, शितावरून भाताची परीक्षा म्हणून!"

त्या क्षणी मी गप्प झाले. तो इंजिनिअर, मी बी. ए. मराठी. फोन ठेवल्यावर मात्र एकेक उत्तर सुचायला लागलं (माझं नेहमीचंच!). ती इथे लिहून काढतेय. भाचेबुवा हे वाचणार आहेत, पण म्हणून जपून लिहीन असं काही नाही.

आधी म्हणीचंच घेऊ. माझ्या माहेरी लग्नकार्यात भाताचं मोठं तपेलं चुलवणावर चढायचं. आचारी एक शीत बोटात चेपून बघायचा हे खरं आहे. पण कुठलं शीत? तो आधी झारा पार बुडापर्यंत घालायचा, भात खालीवर करायचा, मग काठाचं एक, मधलं एक, बुडाचं एक असं बघायचा. चुलवणाला एका अंगाने जाळ जास्त लागतो, तिकडचा भात करपतो आणि दुसऱ्या अंगाला कणी राहते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. म्हणीत त्याची ही मेहनत आलेली नाही. भात एकाच भांड्यात, एकसारख्या जाळावर शिजलाय असं म्हण गृहीत धरते. तसा शिजला असेल तर एक शीत पुरे. नसेल तर ते शीत फसवतं. आणि शीत काढणाऱ्यालाच पानं वाढायची घाई असेल, तर मग विचारूच नका.

पाण्यातलं शिसं हा असा, एका अंगाने जळणारा भात आहे. नदीतून किंवा तलावातून ते सहसा येत नाही. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलं निघतं. शिसं मिसळतं ते अगदी शेवटच्या टप्प्यात. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातून घरात येणारी नळी जुन्या अमेरिकन शहरांत शिशाची असायची, तिथून. किंवा घरातल्या जोडकामाच्या डाखातून, पितळी तोट्यांतून. त्यामुळे या घरात भरपूर शिसं आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात शून्य, असं होऊ शकतं. इतकंच काय, एकाच नळाला पहाटे रात्रभर नळीत साचलेलं पाणी येतं ते वेगळं आणि अर्धा तास नळ चालल्यावर येतं ते वेगळं.

अमेरिकेतला नियम करणाऱ्यांना हे कळत होतं. म्हणून १९९१च्या नियमात 'शहराचं प्रातिनिधिक चित्र दाखवा' असं म्हटलेलंच नाही! त्यात म्हटलंय, ज्या घरांना शिशाच्या नळ्या आहेत अशी, म्हणजे सगळ्यात वाईट असण्याची शक्यता असलेली घरं शोधा. निदान सहा तास पाणी नळीत तसंच राहू द्या आणि मग पहिलं एक लिटर भरून घ्या. सगळ्या घरांचे आकडे चढत्या क्रमाने मांडा. नव्वद टक्क्यांवर जो आकडा येईल तो लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला, तर पाणीखात्याने हालचाल करायची. (उरलेल्या दहा टक्के घरांत कितीही शिसं असलं तरी चालेल, असा याचा अर्थ होतो. मी तो परिच्छेद तीनदा वाचला, मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. तसं नव्हतं. हा आकडा १५ वरून १० वर आणायचा नियम ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झाला.) म्हणजे मूळ हेतू करपलेलं शीत शोधण्याचा होता. आता फ्लिंटमध्ये काय झालं ते बघा.

मिशिगन राज्यातलं हे तेव्हा सुमारे लाखभर वस्तीचं, मोटार कारखाने बंद पडून गरीब झालेलं शहर. पैसे वाचवायला एप्रिल २०१४मध्ये त्यांनी डेट्रॉइटहून येणारं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. ते पाणी नळ्या जास्त खाणारं होतं, आणि नळ्यांना आतून लेप देणारं रसायन घालायचंच राहिलं, किंवा ठेवलं. लोक घाण पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येऊ लागले. अधिकारी म्हणायचे, आमचे नमुने ठीक आहेत.

नमुने कसे घेतले होते? लोकांना दिलेल्या सूचनापत्रात होतं, की आदल्या रात्री थंड पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून द्या. म्हणजे नळीत साचलेलं शिसं परीक्षेआधीच मोरीत! कुठल्या घराला शिशाची नळी आहे याची नोंद जुन्या हजारो कार्डांवर पडलेली होती, ती कोणी धड पाहिली नाही. त्यामुळे वाईट घरं शोधण्याऐवजी हाताला लागतील ती घरं घेतली गेली. २०१५च्या पहिल्या सहा महिन्यांत ७१ नमुने जमले. राज्याच्या कार्यालयाने त्यांतले दोन वगळायला लावले. उरलेल्या ६९ नमुन्यांचा आकडा आला ११, म्हणजे मर्यादेत. ते दोन धरले असते तर आकडा १५च्या वर जात होता.

त्या दोनांतला एक नमुना लीअ‍ॅन वॉल्टर्स या बाईंच्या घरचा होता. शिसं १०४. वगळण्याचं कारण, त्यांच्या घरी पाण्याला फिल्टर बसवलेला आहे, म्हणून तो नमुना नियमात बसत नाही. अहो, फिल्टर असून १०४! पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या प्रा. मार्क एडवर्ड्स यांनी त्याच घरचे आणखी नमुने तपासले, तेव्हा एका बाटलीत १३,२०० निघालं.

इथे पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. कारण हे सगळं मी स्वतः केलेलं आहे.

नोकरीला लागून तीनचार वर्षं झाली असतील. शाळेची वार्षिक तपासणी होती, साहेब येणार होते. माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता, बावन्न मुलं. आठदहा दिवस आधी मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की वाचनाचा एक धडा घटवून ठेवा, साहेबांना तोच द्यायचा. हे आमचं पाच मिनिटं नळ सोडणं. आणि ज्यांना मुळीच वाचता येत नाही त्यांना म्हणावं, उद्या घरी राहिलात तरी चालेल. माझ्या वर्गात अशी चार मुलं होती. मी त्यांना तसं सांगितलं. तिघं खूश झाली. चौथी मुलगी दुसऱ्या दिवशी धुतलेला फ्रॉक घालून, तेल लावून घट्ट वेण्या घालून आली. पाहुणे येणार म्हणून! मी तिला शिपाईमावशींबरोबर पाणी भरायला पाठवलं. तपासणी संपेपर्यंत ती तिकडेच होती.

साहेबांनी मधेच कुणालाही उठवून वाचायला लावलं. चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखं, अगदी निःपक्षपाती. शेरा मिळाला, 'वर्गाचे वाचन समाधानकारक'. त्या शेऱ्यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी समोर बसलेल्यांतून बरोबर नमुना घेतला होता. कोण समोर बसणार हे मात्र मी ठरवलं होतं.

म्हणून 'नमुना प्रातिनिधिक होता का' एवढ्या प्रश्नावर माझं समाधान होत नाही. कुणाचा प्रतिनिधी? घरी बसवलेल्यांचा की नाही? पर्यावरणाच्या धोक्यांच्या अभ्यासांत हा प्रश्न इतर कुठल्याही पाहणीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. साबणाच्या कंपनीने लोकांना कुठला वास आवडतो याची पाहणी केली आणि दहा टक्के लोक सुटले, तर फार तर साबण कमी खपेल. विषाच्या बाबतीत सुटलेले ते दहा टक्केच बहुतेक वेळा आजारी असतात. जुनं घर, स्वस्त भाडं, गंजकी नळी, घरात लहान मूल, बाटलीबंद पाण्याला पैसे नाहीत, हे सगळं एकाच उंबरठ्याच्या आत असतं. आणि चौकशीला आलेल्या माणसाला दार उघडायला दुपारी घरी कोणी नसतं, तेही याच उंबरठ्यावर.

आता भाच्याच्या बाजूने. तो म्हणेल (म्हणालाच), की मग एडवर्ड्सनी तरी काय वेगळं केलं? त्यांनी गावकऱ्यांच्या हाती ३०० संच पाठवले, पहिल्या खेपेला २५२ परत आले, त्यांचा नव्वद टक्क्यांवरचा आकडा २५च्या घरात गेला. पण ज्यांना पाण्याची शंका होती त्यांनीच बाटल्या भरून दिल्या असणार. तोही झुकलेलाच नमुना!

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. फ्लिंटच्या नेमक्या किती टक्के घरांत शिसं आहे, हे त्या बाटल्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. पण 'किती घरांत आहे' आणि 'या पाण्याने नळ्या खायला सुरुवात केली आहे का' हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याला उत्तर द्यायला एक वॉल्टर्सबाईंचं घरसुद्धा पुरे होतं. ताटात एक खडा लागला की आपण भात निवडायला घेतो. आधी शंभर शितांत किती खडे ते मोजत बसत नाही. आणि झुकाव-झुकावांतही फरक असतो. लोकांचा नमुना धोका दिसण्याच्या बाजूला झुकला होता, खात्याचा धोका लपण्याच्या बाजूला. पहिल्यात चूक झाली तर काही लोकांचे चार पैसे फिल्टरवर वाया जातील. दुसऱ्यात चूक झाली तर तान्ह्या मुलाच्या मेंदूत शिसं जाईल, आणि ते परत काढता येत नाही. दोन्ही चुका एकाच तराजूत टाकून 'दोघेही पक्षपाती' म्हणणं याला मी तरी शास्त्र म्हणणार नाही.

पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र टपालाचा आहे. डॉ. मोना फ्लिंटमधल्या बालरोगतज्ज्ञ. राज्याकडे मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे होते, त्यांत शहराच्या मुलांमध्ये विशेष काही दिसत नाही असं राज्य म्हणत होतं. का दिसत नव्हतं? त्यांनी मुलं मोजली होती ती पत्त्यातल्या पिनकोडवरून. पण 'फ्लिंट' असा पत्ता असलेले कितीतरी पिनकोड शहराच्या हद्दीबाहेर पसरलेले. तिथल्या घरांना अजून डेट्रॉइटचंच पाणी येत होतं. ती चांगलं पाणी पिणारी मुलंही हिशेबात धरली गेली आणि वाढ त्यांच्यात मिसळून पातळ झाली. दुधात पाणी घालतात तशी. डॉ. मोना आणि भूगोलाचे अभ्यासक रिचर्ड सॅडलर यांनी एकेक घर नकाशावर मांडलं आणि फक्त शहराचं पाणी पिणारी मुलं घेतली. तेव्हा रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असलेली पाच वर्षांखालची मुलं २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलेली दिसली. पाण्यात शिसं जास्त असलेल्या भागांत ४ टक्क्यांवरून १०.६ टक्क्यांवर. २४ सप्टेंबर २०१५ला त्यांनी हे जाहीर केलं. आधी त्यांनाच खोटं ठरवायचा प्रयत्न झाला, मग आठवड्याभरात राज्याला मान्य करावं लागलं आणि १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. (भूगोल हा ऐच्छिक विषय समजणाऱ्या आमच्या घरातल्या मंडळींनी हे दोनदा वाचावं.)

पुढे २०१८मध्ये काही डॉक्टरांनी दाखवून दिलं, की फ्लिंटच्या मुलांच्या रक्तातलं सरासरी शिसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमीच आहे, तेव्हा या मुलांना 'विषबाधा झालेली' असा शिक्का मारू नका. शिक्का मारू नये हे मला पटतं, शिक्क्यांचं काय होतं ते शिक्षकाला कळतं. पण सरासरीवरून एकेका मुलाचं काय झालं ते कळत नाही, आणि मुळात रक्त कुणाचं तपासलं होतं? तिथे शिशाची तपासणी साधारण एक आणि दोन वर्षांच्या मुलांची करतात, कारण त्या वयात मूल रांगतं आणि जुन्या रंगाची धूळ तोंडात घालतं. धूळ हा शत्रू धरून बसवलेली ही पद्धत. शत्रू पाणी असेल तर सगळ्यात जास्त शिसं जाईल ते नळाच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पिणाऱ्या चारसहा महिन्यांच्या तान्ह्याच्या पोटात. त्याचं रक्त कोणी तपासतच नाही. तेही पाणी भरायला पाठवलेलं मूल.

याच्याही आधी, वॉशिंग्टनमध्ये. २००० साली तिथे पाण्यातलं जंतुनाशक बदललं आणि पुढची काही वर्षं घराघरांत शिसं वाढलं. २००४च्या जानेवारीत वर्तमानपत्राने ते उघड केल्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, घाईघाईने अभ्यास केला. पाण्यात ३००च्या वर शिसं सापडलेली ९८ घरं घेतली, म्हणजे इथे घरं अगदी वाईटातली वाईट निवडलेली. तिथल्या २०१ माणसांचं रक्त तपासलं. एकाच्याही रक्तात तेव्हा धोक्याची मानलेली पातळी नाही! देशभर हा निकाल दिलासा म्हणून वापरला गेला. पण या घरांतल्या बऱ्याच लोकांनी रक्त देण्याच्या आधीच नळाचं पाणी पिणं सोडलं होतं. शिसं रक्तात फार थांबत नाही, महिन्याभरात निम्मं होतं, काही बाहेर पडतं आणि काही हाडांत जाऊन बसतं. माणसं बरोबर निवडली, वेळ चुकली. पाऊस थांबल्यावर कौलं तपासून गळत नाही म्हणण्यातला प्रकार. २००९मध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी उकरल्या, तेव्हा जास्त धोक्याच्या वस्त्यांतल्या सव्वा वर्षाच्या आतबाहेरच्या मुलांत रक्तातलं शिसं वाढण्याचं प्रमाण त्या काळात चौपटीहून जास्त झालेलं दिसलं. २०१०मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने सीडीसीच्या अहवालावर कडक ताशेरे ओढले. तोवर ती तान्ही मुलं दुसरीतिसरीत गेली होती.

एवढं ऐकल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, निदान आमच्याकडे बाटल्या भरतात तरी. तुमच्याकडे काय आहे?"

हे मात्र लागलं. आणि खरं आहे म्हणून लागलं. २०२०मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेचा अहवाल आला, की भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असावं. 'असावं', कारण हा आकडा मुलांचं रक्त तपासून आलेला नाही, उपलब्ध लहानमोठ्या अभ्यासांवरून गणिताने काढलेला अंदाज आहे. २०१८मध्ये अभ्यासकांनी भारतातले असे अभ्यास एकत्र केले तेव्हा हाती आले ३१ अभ्यास आणि सगळी मिळून साडेपाच हजारांच्या आसपास माणसं. एवढ्या मोठ्या देशासाठी! आणि अभ्यास कुठे होणार? जिथे मोठं रुग्णालय आहे तिथे, नाहीतर जिथे आधीच संशय आहे तिथे. जुन्या बॅटऱ्या वितळवणारी शेड ज्या गावाच्या कडेला आहे आणि जवळ कॉलेज नाही, तिथली मुलं या साडेपाच हजारांत असतील का? कदाचित आपला आकडा फुगलेला असेल, कदाचित कमी असेल. आमच्याकडे तपेल्यात झारा घातलेलाच नाही, त्यामुळे भाचेबुवांना मी उत्तर दिलं नाही.

पण एक गोष्ट मला छळते. १९९८-९९च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं. तेव्हा गाड्यांच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते २००० साली बंद झालं. म्हणजे घरोघर जाऊन हे करता येतं हे आपण स्वतःच दाखवून दिलेलं आहे. ते पुढे देशभर नेलं नाही. २०१९ ते २०२१ची पाचवी पाहणी तर ६ लाख ३६ हजारांवर घरांत गेली. खेड्यांतली, शहरांतली, गरीब, श्रीमंत, नीट पद्धतीने निवडलेली घरं. झारा बुडापर्यंत घालणं म्हणतात ते हेच. त्या घरांतल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचं रक्त हिमोग्लोबिन बघायला घेतलं. मुलं रडली असतील, आयांनी त्यांना धरून ठेवलं असेल, सुई टोचून झाली होती. शिशासाठी आणखी दोन थेंब घ्यायचे होते फक्त.